पडण्याची तालीम

सोमवार, ४ मार्च

रोज लिहिणं हा माझा पिंड नव्हे. दिवसभर ऑफिसात विम्याचे दावे तपासायचे, म्हणजे कोण जिन्यावरून पडलं, कुणाचं स्वयंपाकघर पेटलं आणि त्यातलं खरं किती. घरी येऊन आणखी आपलं काय लिहायचं? पण दादाचा हुकूम आहे की मावशीच्या बाबतीत जे जे होईल ते मी लिहून ठेवावं, म्हणजे पुढे वाद नको. दादाला वाद नको असतो. त्याला निर्णय हवा असतो, तोही आधीच घेतलेला. त्याला दाखवायचं ते मी वेगळं लिहिते. हे माझं.

झालं ते असं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. नाटक कंपनीशी केलं असं सांगते. तिची सगळी नोकरी पडद्यामागे गेली. कुणी कधी आत शिरायचं, कुठला दिवा कधी लावायचा, राजाचा मुकुट कुठल्या टेबलावर ठेवायचा, हे सगळं विंगेत उभं राहून ती चालवायची. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात पाय घसरला. उठून बसेपर्यंत दुपारची संध्याकाळ झाली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. दादाला कपाळावरचं टेंगूळ दिसलं आणि मग तिला कबूल करावं लागलं.

दादानं शहराबाहेरच्या एका ज्येष्ठांच्या निवासात खोली बघून ठेवली आहे. मे महिन्याच्या मध्यापर्यंत ते ती राखून ठेवतील. वहिनी गेल्यापासून दादाला सगळ्यांची सोय लावायचं वेडच लागलंय. माझ्या नवऱ्यासाठीसुद्धा त्यानं एक डॉक्टर बघून ठेवलाय, नवऱ्याला अजून काही झालेलं नाही तरी. मावशी एवढंच म्हणाली, "मी तिथं आठ दिवसांत मरेन. आणि तेही वेळेवर जेवून."

मी मधे पडले. म्हटलं, हल्ली घरं हुशार करून मिळतात. मावशीचं घर तसं करू, आणि मेपर्यंत बघू. दादा म्हणाला, ठीक आहे, पण ती पुन्हा पडून राहिली तर विषय संपला. असा विषय संपवणारा माणूस घरात एक तरी असतोच.

शनिवार, ९ मार्च

यंत्र बसवणारे गृहस्थ आले. पोट आधी आत आलं, मागून मिश्या. प्रत्येक वाक्यात 'सिस्टीम' असते, म्हणून मावशीनं त्यांचं नाव तिथंच सिस्टीमराव ठेवलं. माझं नाव तिनं लहानपणीच कात्री ठेवलेलं आहे, त्यामुळे मी त्यांना सहानुभूती दाखवली.

घर हुशार झालं ते असं: प्रत्येक खोलीच्या छतावर एक डोळा. त्याला माणूस दिसत नाही, नुसती हालचाल कळते. गॅस विसरला तर आपोआप बंद. किटलीचं, दिव्यांचं, पंख्याचं बटण फोनवरून चालतं आणि फोनवर दिसतं. मावशीच्या गळ्यात एक बटण. ते दाबलं, किंवा ती बराच वेळ हललीच नाही, की रस्त्याकडच्या खिडकीतला दिवा लाल होतो, दाराचं कुलूप आपोआप उघडतं आणि आमचे फोन किंचाळतात.

सिस्टीमराव कॅमेरेही घेऊन आले होते. मावशीनं ते पिशवीतच राहू दिले. म्हणाली, घरात प्रेक्षक नकोत. प्रेक्षक आले की माणूस अभिनय करायला लागतो.

मग तिनं विचारलं, दिवा लाल झाल्यावर आत कोण येणार? सिस्टीमराव म्हणाले, सूचना जाते. कुणाला? सगळ्यांना. "सगळ्यांना म्हणजे कुणालाच नाही," मावशी म्हणाली, आणि पायात चपला अडकवून खाली गेली. बऱ्याच वेळानं परतली ती दोन पात्रं ठरवूनच: समोरच्या गाळ्यातले शिंपी, ज्यांना मशीनवर बसल्या बसल्या तिची खिडकी दिसते, आणि तळमजल्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई. शिंप्यांनी वर यायचं, बाईंनी रक्तदाबाचं यंत्र घेऊन यायचं आणि रुग्णवाहिकेला फोन करायचा. मी म्हटलं, आणि माझं काम? म्हणाली, "तुला कळेल. तू फोनवर आहेस ना."

मला हे पुरेसं मोठं काम वाटलं.

सोमवार, ११ मार्च

हे फोनवरचं प्रकरण अफाट आहे. सकाळी चहा घेताना उघडलं, तर मावशी उठली, स्वयंपाकघरात गेली, किटली लागली. मी दात घासेपर्यंत तिची अंघोळ. उंटावरून शेळ्या हाकायला इतकं उत्तम साधन आजवर निघालं नव्हतं. रविवारी तिच्याकडे जाण्याचा माझा नेम, पण काल फोनमध्ये सगळं ठीक दिसलं, तेव्हा गेले नाही. उगाच तिची विश्रांती मोडते.

गुरुवार, १४ मार्च

ऑफिसात साहेब बोलत असताना फोन किंचाळला. मी टॅक्सी करून गेले. वाटेत काय काय मनात आलं ते लिहीत नाही.

दार उघडं. शिंपी गळ्यात टेप घेऊन धापा टाकतायत, बाई कपाळाला हात लावून उभ्या, आणि मावशी बैठकीत फरशीवर डोळे मिटून, डोक्याखाली उशी. उशी पाहून माझ्यातला दावे तपासणारा प्राणी जागा झाला. पडलेल्या माणसाच्या डोक्याखाली उशी आधीच कशी?

मावशीनं डोळे उघडले आणि शिंप्यांना म्हणाली, तुम्ही आधी टाका पूर्ण केलात, मग उठलात; आडवी होण्याआधी मी खिडकीतून बघत होते. बाईंना म्हणाली, तुम्ही रिकाम्या हातानं आलात. मला म्हणाली, "तू कशाला आलीस? तुला नुसतं कळायचं होतं."

तालीम होती म्हणे. ज्याची तालीम नाही त्याचा प्रयोग होत नाही. मी बरंच काही बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि चहा दिला.

मंगळवार, १९ मार्च

पुन्हा. यावेळी बाई यंत्र घेऊन आल्या, पण गिऱ्हाईक काउंटरवर सोडून, आणि ते निघून गेलं. शिंपी टाका अर्धा टाकून पळाले, पण इस्त्री पालथीच राहिली आणि कुणाच्या तरी नव्या पँटीचा गुडघा गेला. बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी लाल दिवा दिसला तर मी शटर ओढून घेईन. शिंप्यांनी नुसती ती पँट दाखवली.

मी मावशीला सरळ सांगितलं, की लांडगा आला रे आला ही गोष्ट तू मलाच सांगितली होतीस. खोट्या घंटेनं खरी घंटा मरते. आमच्या ऑफिसच्या इमारतीत आगीचा भोंगा वाजला तर लोक जागेवरून न उठता डबा खातात, इतक्यांदा तो वाजलाय.

मला वाटलं, आता ती मला कंपनीच्या जुन्या गोष्टी ऐकवील. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "माझं चुकलं." मी पन्नाशीला आले, पण हे वाक्य या बाईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळी ती स्वतः दोन्ही दुकानांत जाऊन आली. ठरलं असं की तालीम फक्त बुधवारी दुपारी चारला, दोघांनाही सोयीची वेळ बघून. बाकी केव्हाही दिवा लाल झाला तर तो खराच.

बुधवार, २७ मार्च

आज मुद्दाम अर्धी रजा काढून तालीम पाहायला गेले. टिंगल करायला गेले होते, हे इथं लिहायला हरकत नाही.

चारच्या कितीतरी आधी मावशीनं किटली भरून लावली, कप मांडले, साखर काढली. म्हटलं, पडायच्या आधी चहा? म्हणाली, प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगाचं सामान, आधी मांडायची, मग पडदा; लोक दमून येतात, त्यांना नंतर ताटकळत ठेवायचं नाही. मग ती स्वयंपाकघराच्या दाराशी आडवी झाली आणि बटण दाबलं.

पुढचं मी भिंतीला चिकटून पाहिलं. शिंपी इस्त्री उभी करून आले. आत येताच त्यांनी मावशीला हलवलं नाही. गुडघ्यावर बसून हाक मारली. मावशी वेगळीच झाली होती. त्यांना ओळखत नव्हती, वेड्यासारखं बोलत होती, मधेच म्हणाली की मला काही झालेलं नाही, निघा माझ्या घरातून. शिंपी निघाले नाहीत. बाईंनी दंडाला पट्टा बांधला, फोन कानाला लावला, पत्ता नीट सांगितला, जिना अरुंद आहे हेही सांगितलं. फोन अर्थातच लावलेला नव्हता. दोघांत एकही शब्द वाया गेला नाही. मी ऑफिसात इतकी वर्षं बैठका पाहते आहे. इतकं नेटकं काम करणारी दोन माणसं मी एका खोलीत पाहिलेली नाहीत.

चहा घेताना मावशी म्हणाली, मागच्या बुधवारी मी शुद्धीत होते, पुढच्या बुधवारी रडून म्हणणार की आज खरंच लागलंय. पडलेला माणूस कधी बरोबर वाक्य बोलत नाही, तेव्हा त्याच्या बोलण्यावर जाऊ नये. शिंपी म्हणाले, मावशी, तुम्ही पडद्यामागे उगाच राहिलात. ती लाजली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लाजली.

दादाला मी लिहिलं: सर्व यंत्रणा समाधानकारक.

शुक्रवार, ५ एप्रिल

कौतुक वाटतं ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर माझी जीभ फक्त एकाच बाजूनं चालते असं होईल.

या बाईनं घर ताब्यात घेतलंय. आपल्याला वाटलं होतं घर तिच्यावर लक्ष ठेवील. सिस्टीमराव सांगत होते की त्यांनी बसवलेल्या बहुतेक घरांत आजोबा-आजी यंत्राला घाबरतात किंवा त्यावर कापड टाकतात. मावशीनं त्यांना पुन्हा बोलावून पलंगापासून न्हाणीघरापर्यंतचे दिवे एकामागून एक मंद उजळतील असे लावून घेतले. पाय ठेवायच्या आधी उजेड पाहिजे, पाय ठेवल्यावर नाही, म्हणाली. त्यांनी म्हणे हे आता सगळ्या घरांत असंच करायला घेतलंय. न्हाणीघरात दांडी हवी होती ती तिनं स्वतः जागा दाखवून बसवून घेतली, जिथं आपला हात घसरताना खरोखर जातो तिथं, जिथं ती शोभते तिथं नाही.

मी फोनमध्ये रोज बघते. गेले तीन रविवार जाणं झालं नाही. मावशीनं काल फोन करून विचारलं, बरी आहेस ना? म्हटलं, मी बरी आहे, तूही बरी आहेस, मला इथं दिसतंय. म्हणाली, हो, मला तू दिसत नाहीस म्हणून विचारलं. तिला अजून या यंत्राचं तत्त्व नीट कळलेलं नाही असं वाटतं.

बुधवार, १० एप्रिल

इस्पितळातून आले ती तशीच लिहायला बसले.

चार वाजायला थोडा अवकाश असताना फोन किंचाळला. बुधवार. मी अंगठ्यानं बंद केला आणि समोरच्या फायलीत परत शिरले. कुणाचं तरी गोदाम जळालं होतं. आग लागली म्हणणाऱ्याच्या घरात आधी धूर शोधायचा, ही आमच्या धंद्यातली सवय. त्या सवयीनंच असेल, मी फोन पुन्हा उघडला. स्वयंपाकघरात हालचाल नाही. किटली लागलेलीच नाही.

मला आधी राग आला, की आज प्रॉपर्टी मांडायची राहिली. मग कळलं, की ही बाई प्रॉपर्टी मांडायला कधीच विसरत नाही.

शिंप्यांना फोन केला. ते तिच्याच घरात होते, हसत होते. म्हणाले, आज तर मावशींनी कमाल केली, ठरल्यापेक्षा जरा आधीच सुरू केलं, आणि डोळ्यांत पाणीसुद्धा आणलंय. म्हणतायत की आज तालीम नाही, खरंच लागलंय. बाईंचा रुग्णवाहिकेला फोनही करून झालाय. म्हणजे नेहमीसारखा, न लावता.

मी म्हटलं, "किटली लावलेली नाही."

पलीकडचं हसणं थांबलं. मग त्यांचे शब्द आले, मला उद्देशून नव्हते: "बाई, फोन खरा लावा."

शुक्रवार, १२ एप्रिल

खुब्याचं हाड मोडलंय. काल शस्त्रक्रिया झाली. सर्जन म्हणाले, कुणी तिला ओढून उठवलं नाही हे फार बरं झालं. घरचे लोक प्रेमानं उठवतात आणि मोडकं हाड आणखी बिघडवतात. मी म्हटलं, घरचं कुणी नव्हतंच तिथं. त्यांनी मान हलवली, जणू हेच कारण.

किटली भरायला उठताना पाय अडकला, एवढंच. तिनं बटण लगेच दाबलं. शिंपी आणि बाई क्षणात हजर. आणि मग दोघं तिच्या शेजारी बसून तिच्या कामाची वाहवा करत राहिले. ती ओरडून सांगत होती आणि ते म्हणत होते, मावशी, आजचं सगळ्यात छान. तिनंच शिकवलं होतं की पडलेल्याच्या बोलण्यावर जायचं नाही.

शिंपी बाहेर बाकावर बसले आहेत. कालही होते. दुकान बंद ठेवलंय. मी सांगितलं, तुमची काही चूक नाही. ते म्हणाले, मावशींचा हात गार लागला तेव्हाच कळायला हवं होतं. मावशीनं शुद्धीवर आल्यावर पहिलं त्यांना आत बोलावलं. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि चेहरा हसरा. ती म्हणाली होती, तुमचं काम चोख झालं, माझी संहिता चुकली.

मंगळवार, १६ एप्रिल

दादा आला. इस्पितळाच्या उपाहारगृहात आम्ही समोरासमोर बसलो. त्याचं म्हणणं असं की यंत्रानं पडणं थांबवलं का? नाही. मग विषय संपला. खोली अजून आपली आहे, पंधरा मेला ती तिकडे.

मी भांडले, पण भांडता भांडता माझ्या लक्षात आलं की माझा आवाज मोठा आहे आणि मुद्दा बारीक. ती पुन्हा पडली तर? बुधवार नसेल, पण बाईंचं दुकान बंद असेल, शिंपी गावी गेले असतील तर? हे मी कुणाला सांगणार नाही. इथं लिहिते.

शनिवार, २० एप्रिल

दादाबरोबर ती खोली बघून आले. वाईट नाही. खरं तर चांगली आहे. खिडकी मोठी, भिंतीला दांड्या, पलंगाच्या उशाशी घंटा, आणि तिथली परिचारिका खरोखर मायाळू. ती एका आजोबांना चमच्यानं भरवत होती आणि अजिबात घाई करत नव्हती. मला दोष सापडेना याचा मला राग आला. निघताना सापडला. दिव्यांची बटणं खोलीच्या बाहेर, व्हरांड्यात आहेत. ठरावीक वेळेला कुणीतरी येऊन दिवे घालवतं.

दादाला दाखवलं. त्याला त्यात काही दिसलं नाही. तो खिडकीशी उभा राहून बाहेर बागेत पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बराच वेळ बघत होता. म्हणाला, इथं माणसं आहेत. मी म्हटलं, माणसं कुठं नसतात.

सोमवार, २९ एप्रिल

मावशी घरी आली, वॉकर घेऊन. दिवसा एक नर्सबाई येतात. आल्या आल्या मावशीनं सिस्टीमरावांना बोलावून खिडकीत लाल दिव्याशेजारी निळा दिवा लावून घेतला. तालीम असेल तर निळा आधीच लागलेला असेल. निळा नसेल तर वार कुठलाही असो, वेळ कुठलीही असो, खरं. आणि बाईंनी फोन नेहमी खराच लावायचा; तालमीला फक्त लावायचा आपल्या कात्रीला. मला बढती मिळाली.

एवढं मोडल्यावर ही बाई रडत बसली नाही, कुणाला बोल लावला नाही. चूक कुठे झाली ते शोधलं आणि तिथं एक दिवा लावला. मी आजवर बरीच हुशार माणसं पाहिली. त्यांतली निम्मी तर चूक कुणाची हे ठरवण्यातच निवृत्त झाली.

पण दादा बधत नाही. पुढच्या आठवड्यात बुधवारी, आठ तारखेला, गाडी घेऊन येतोय. खोली दाखवायला म्हणतो.

बुधवार, ८ मे

दादा तीनच्या पुढे आला, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. मावशी साडी बदलून तयार होती. त्याला वाटलं, जिंकलो. ती म्हणाली, येते ना तुझ्याबरोबर, पण आज बुधवार. चारची तालीम झाली की निघू. आणि मला तर डॉक्टरांनी पडायची बंदी केलीय. कुणीतरी पडायला हवं.

माझ्याकडे बघून म्हणाली, कात्री नको. ती पडतानाही बोलेल.

दादा मोठ्या ऑफिसचा मुख्य आहे. त्याला नाही म्हणायची सवय आहे, पण मावशीला नाही म्हणायची नाही. तिनं निळा दिवा लावला, किटली लावली, कप मांडले, एक जास्तीचा. मग दादाच्या गळ्यात स्वतःचं बटण घातलं आणि त्याला बैठकीच्या दाराशी झोपायला लावलं. मी तोंडात पदर कोंबला होता. एवढा मोठा माणूस फरशीवर आडवा, पोट छताकडे. त्यानं बटण दाबलं.

माझा फोन वाजला. बाईंनीच लावला होता; मी त्यांना दारातूनच म्हटलं, पोचला. शिंपी आत आले, टेप खिशात घातली, गुडघ्यावर बसले आणि दादाचा हात हातात घेतला. म्हणाले, "दादा, घाबरू नका. आम्ही आलोय."

दादानं म्हणायला हवं होतं गुडघा, तसं ठरलं होतं. बाईंनी विचारलं, कुठं दुखतंय? तो छताकडे बघत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "माहीत नाही." बोलायचं विसरला बहुतेक, पाठांतरात तो शाळेतही कच्चाच होता. बाईंनी त्याच्या अंगावर शाल घातली. शिंप्यांनी हात सोडला नाही, कारण मदत येईपर्यंत सोडायचा नाही असं ठरलंय. आता मावशीनं 'झालं' म्हणायचं असतं. ती म्हणाली नाही. खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत राहिली. किटली उकळून बंदही झाली.

अखेर सगळ्यांनी मिळून त्याला उठवलं. चहा झाला. शिंपी आणि बाई गेले.

मग मावशीनं सहज विचारावं तसं विचारलं, "तुझ्या घराची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"आणि?"

तो कपाच्या तळाशी बघत होता. म्हणाला, "माझ्याकडेच."

नंतर तो गॅलरीत गेला आणि फोन लावला. मी कान लावलाच. म्हणाला, आमच्या मावशी येणार नाहीत, खोली दुसऱ्या कुणाला द्या. मला वाटतं, यंत्रणा प्रत्यक्ष चालताना पाहून तो प्रभावित झाला. मी किती दिवस सांगत होते.

शनिवार, ११ मे

जिंकलो म्हणायचं. मावशी तिच्या घरात, तिच्या दिव्यांत. सिस्टीमरावांनी अभिनंदनाचा फोन केला. मीही आज फोनमध्ये न बघता सरळ गेले. जवळपास काम होतं.

पण दादा तिथंच आहे. बुधवारपासून. सोफ्यावर झोपतो, तिथूनच ऑफिसला जातो, परत तिथंच येतो. शिंप्यांनी त्याला दोन शर्ट बेतून दिले आणि संध्याकाळी तो त्यांच्या गाळ्यात स्टुलावर बसलेला असतो. त्याचं एवढं मोठं घर रिकामं पडलंय आणि हा इथं म्हातारीच्या अंगावर पाहुणा होऊन बसलाय. लोकांच्या सोयी लावणाऱ्या माणसाला एवढं कळू नये?

मावशीला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, हा जाणार तरी कधी. ती वॉकरला टेकून किटली भरत होती.

"पडलेल्या माणसाला घाईनं उठवू नये गं," ती म्हणाली.

मी बाहेर डोकावून पाहिलं. दादा चांगला खुर्चीत बसून पेपर वाचत होता.